गोणी कुठं थांबली?

परभणी जंक्शन सोडून गाडी पूर्णेकडे निघाली की पिंगळी स्टेशन येतं. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. मे संपत आला की या पट्ट्यातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रासमोर एकच देखावा दिसतो. टेम्पो उभा असतो, हमाल सोयाबीनच्या गोण्या पाठीवर घेऊन आत टाकत असतो आणि कंपनीचा तरुण प्रतिनिधी थप्पीचा फोटो काढून वरिष्ठांना पाठवत असतो. फोटोखाली दोनच शब्द: ‘प्लेसमेंट झाली.’

कंपनीच्या हिशेबात इथं विक्री झाली. बिल फाटलं, टार्गेटाचा आकडा हलला. गोणी मात्र अजून दुकानातच आहे. शेतकऱ्यानं ती नेलेली नाही, पेरलेली नाही. ती उगवेल की नाही आणि तिचे पैसे दिवाळीला येतील की पुढच्या पाडव्याला, हे कुणालाच ठाऊक नाही. वितरक आणि विक्रेते सांभाळायचं काम म्हणजे या फोटोपासून त्या पैशांपर्यंतच्या पाच-सहा महिन्यांचं काम. या धंद्यात दुकानात माल भरण्याला प्लेसमेंट म्हणतात आणि दुकानातून शेतकऱ्याकडे तो जाण्याला लिक्विडेशन. पहिल्याचा फोटो निघतो. दुसऱ्यासाठी जाऊन गोण्या मोजाव्या लागतात.

दुकानात माल ढकलून विक्री झाली म्हणण्याची खोड आपल्याकडचीच आहे असं नाही. 1920 च्या अखेरीस अमेरिकेत मोटारींचा खप एकदम बसला, तेव्हा हेन्री फोर्डनं न खपलेल्या गाड्या विक्रेत्यांकडे रवाना केल्या आणि पैसे रोख मागितले. विक्रेते आपापल्या गावातल्या बँकांकडे गेले, कर्ज काढलं, गाड्या सोडवून घेतल्या. फोर्डला स्वतः सावकारांच्या दारात जावं लागलं नाही, कारण त्याच्या वतीनं हजारो विक्रेते गेले. कंपनी तरली हे खरंच. पण आपल्या तंगीचा भार खालच्या माणसाच्या खात्यावर कसा टाकता येतो, याचा हा धडाच होता आणि तो पुढं अनेकांनी गिरवला.

महाराष्ट्रात याच्या उलटा धडाही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. लोखंड मातीत गेलं तर जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. दुकानं नांगरांनी भरून ही अडचण सुटणारी नव्हती, कारण अडलं होतं ते शेतकऱ्याच्या मनात. त्याला पटेल तेव्हाच माल हलणार होता. किर्लोस्करवाडी 1910 ची. तिथून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं, ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारं घरचं पत्रक म्हणून. त्याचंच पुढं महाराष्ट्रभर गाजलेलं मासिक झालं. नांगर विकता विकता एका कारखान्यानं वाचक घडवले, हे आज कुठल्याही विक्री अधिकाऱ्याला सांगा, तो हसेल. त्याच्या हातात मार्चअखेरचा आकडा असतो.

खताच्या बाबतीत सरकारनंच ‘विक्री’ या शब्दाचा अर्थ बदलून टाकला. पूर्वी खत जिल्ह्यात पोचलं की कंपनीचा अनुदानावरचा हक्क सुरू व्हायचा. 2018 पासून देशभर पॉस यंत्रं आली. आता शेतकऱ्याचा आधार क्रमांक घेऊन, अंगठा लावून गोणी दुकानातून बाहेर पडल्याची नोंद झाली की मगच कंपनीला अनुदान मिळतं. गोणी रेल्वेच्या रेकमधून उतरली, गोदामात गेली, दुकानात गेली, तरी विक्री शून्य. ज्या कंपन्यांना विक्रेत्याच्या दुकानात शिल्लक किती हे विचारायची कधी गरज वाटली नव्हती, त्यांचे अधिकारी दर आठवड्याला यंत्रातला आकडा आणि गोदामातली थप्पी जुळवू लागले. गोणी कुठं थांबली हे कळल्याशिवाय पैसेच मिळणार नाहीत म्हटल्यावर कळून घेणं जमलं. बियाणं आणि औषधांच्या कंपन्यांनी हे आपणहून करायला हवं होतं. थोड्यांनी केलं.

आता जरा त्या दुकानदाराच्या गादीवर बसून बघू. पिंगळीसारख्या गावातलं एक दुकान समजण्यापुरतं धरू, आकडेही समजण्यापुरतेच. वर्षाला 60 लाखांची उलाढाल. बियाणं, खत, औषध असं सगळं मिळून सरासरी 6 टक्के सुटतात, म्हणजे 3 लाख 60 हजार. दुकानाचं भाडं, वीज आणि एक माणूस यांवर महिन्याला 10 हजार, वर्षाला 1 लाख 20 हजार. गावात 25 लाखांची उधारी सहा महिने अडकलेली. साल 12 टक्क्यांनी धरलं तर तिचं व्याज दीड लाख. राहिले 90 हजार. पाऊस दगा देऊन गेला आणि उधारीतला एक लाख बुडाला, तर मालकाचं वर्ष तोट्यात.

हा हिशेब ज्या प्रतिनिधीनं एकदाही कागदावर मांडला नाही, तो दुकानदाराला ‘आणखी एक टक्का स्कीम देतो’ असं ऐटीत सांगतो आणि समोरचा खूश का होत नाही म्हणून बुचकळ्यात पडतो. 12 टक्के सालानं एका महिन्याचं व्याजच एक टक्का होतं. कंपनीनं पैसे महिनाभर आधी मागितले की दिलेली स्कीम तिनं परत घेतली.

रोखीच्या सवलतीचं, म्हणजे सीडीचं, गणित याहून वाकडं आहे. समजा, कंपनी म्हणते, 15 जूनपर्यंत पैसे भरा, 3 टक्के सीडी घ्या. शेतकऱ्याकडून पैसे येणार सोयाबीन काढून विकल्यावर, म्हणजे ऑक्टोबरात. ज्याच्याकडे स्वतःचं भांडवल आहे त्याला ही सवलत म्हणजे लोणी. ज्याला बाहेरून शेकडा दोन रुपयांनी उचल करावी लागते त्याला चार महिन्यांचे 8 टक्के पडतात, 3 मिळवायला. तो ती घेणार नाही. मग सवलत कोण घेतो? परभणीच्या मोंढ्यातला मोठा व्यापारी. तो तीन टक्क्यांतले दोन सोडून माल खेड्यात विकतो आणि पिंगळीच्या दुकानदाराचा भाव तुटतो. शेतकऱ्याला परभणी लांब नाही. मोंढ्यात बाजारहाट होते, येताना गोणीही येते. छोटा दुकानदार फोन करतो, ‘साहेब, तुमचा माल माझ्या खरेदीच्या भावात बाहेर मिळायलाय, मी काय करू?’ साहेब म्हणतात, बघतो. बघण्यासारखं काही नसतं. भाव साहेबांच्याच परिपत्रकानं तोडलेला असतो.

भाव तुटण्याचं दुसरं कारण हद्दीचं. पूर्णा, वसमत, जिंतूर, मानवत अशी बाजारगावं जवळजवळ आहेत. एका तालुक्याच्या वितरकाला टार्गेट झेपलं नाही की उरलेला माल दुसऱ्याच्या हद्दीत कमी भावानं उतरतो. पिशवीवरचा लॉट क्रमांक कोणत्या बिलावर कुणाला गेला याची नोंद ठेवली तर माल कुठून फुटला हे अर्ध्या तासात कळतं. ती नोंद असते बहुतेक कंपन्यांकडे. अडचण पुढं येते: माल फोडणारा वितरक सगळ्यांत मोठा असतो आणि त्याला बोलायची कुणाची छाती नसते. हद्दीचे नियम फक्त लहानांसाठी राबवायचे असतील तर नसलेले बरे, निदान कुणी त्यांच्या भरवशावर माल भरत नाही.

नवा विक्रेता निवडायचा कसा, यावर पुस्तकांत पानंच्या पानं असतात. कंपनीत असताना मी दोनच गोष्टी बघायचो. बियाणं, खत आणि कीटकनाशक यांचे तिन्ही परवाने चालू आहेत का, ही पहिली. परवान्यात आपल्या कंपनीच्या मालाची नोंद झाली नाही तर पहिल्याच तपासणीत विक्री बंद आदेश येतो. खताला ‘ओ फॉर्म’ आणि औषधाला ‘पीसी’ हे कंपनीनं द्यायचे कागद मालाच्या आधी दुकानात पोचले पाहिजेत, टेम्पोच्या मागून नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे त्याची उधारीची वही. वही दाखवायला जो तयार होतो त्याचा धंदा कळतो. दुकानाची फरशी, काचेची कपाटं, मालकाची ओळख कुणाशी आहे, यांवरून काही कळत नाही.

लिंकिंगबद्दल न लिहिता हे प्रकरण संपवलं तर मराठवाड्यातले दुकानदार हे पुस्तक मिटून ठेवतील. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना विकायची, हा भाव ठरलेला. विक्रेत्याचं कमिशन टनाला 354 रुपये. म्हणजे गोणीमागं 16 रुपयेसुद्धा पुरते नाहीत, आणि त्यातच वरच्या घाऊक व्यापाऱ्याचा वाटा, गाडीभाडं, हमाली. युरिया विकून दुकान चालत नाही, पण युरिया नसेल तर शेतकरी दुकानात येतच नाही. हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं. मग युरियाच्या गाडीबरोबर न मागितलेलं दुसरं खत, कसलं तरी टॉनिक, पाण्यात विरघळणारी पुडी असं येतं. ‘हे घेतलं तर ते मिळेल’, हेच लिंकिंग. बिलावर असं कुठंही लिहिलेलं नसतं. दुकानदार तो माल घेतो, काही दिवस ठेवतो आणि शेवटी शेतकऱ्याच्या गळ्यात घालतो. पॉस यंत्रावर युरियाची एक गोणी दिसते. शेतकऱ्याच्या पिशवीत मात्र युरियासोबत ती पुडीही असते. तक्रार झाली, कृषी विभागाचं पथक आलं, तर परवान्यावर बोट ठेवलं जातं ते काऊंटरवरच्या माणसाच्या. मूळ सक्ती जिथून आली तिथवर कागद जातच नाही.

कंपनीच्या बाजूनंही सांगतो, कारण मी त्या बाजूला होतो. लिंकिंगचा माल दुकानात गेला की अधिकाऱ्याचं टार्गेट पूर्ण होतं आणि पुढच्या वर्षीचं टार्गेट त्याच आकड्यावर वाढवून येतं. न खपणाऱ्या वस्तूला खप आहे असं वरच्यांना वाटू लागतं. तीन वर्षांनी ती वस्तू बंद करायची वेळ येते तेव्हा जिल्ह्याच्या गोदामांत तिच्या मुदत संपलेल्या पेट्या निघतात. शेतकऱ्याची फसवणूक तर आहेच. शिवाय कंपनी स्वतःच्याच डोळ्यांत धूळ टाकून घेते.

माझाही एक पराक्रम सांगायला हवा. नोकरीचं पहिलंच वर्ष, 31 मार्च, टार्गेटात थोडी तूट. एका गावच्या विक्रेत्याला गळ घातली, ‘काका, 40 पेट्या घ्या, जूनमध्ये परत नेतो.’ काकांनी घेतल्या. लेखी काही नव्हतं, विश्वास होता. एप्रिलमध्ये माझी बदली झाली. नव्या माणसाला कुणी सांगितलं नाही, मीही नाही. पेट्यांची मुदत दुकानातच संपली. पुढं एकदा त्या गावावरून जाताना मी एसटीत पलीकडच्या बाजूला बसलो होतो, दुकान दिसू नये म्हणून. तेव्हापासून मी कुणालाही तोंडी आश्वासन दिलं नाही. स्कीम, परतीची मुदत, सीडीची तारीख हे सगळं परिपत्रकावर, खाली सही आणि एक प्रत दुकानात. या सवयीला प्रक्रिया वगैरे मोठं नाव देतात. मला ती काकांच्या पेट्यांनी लावली.

विक्रेता कंपनीला नेमकं काय देतो, हे 2020 च्या खरिपात उघडं पडलं. आदल्या वर्षी, 2019 च्या ऑक्टोबरात, सोयाबीन काढणीला आलेलं असताना पाऊस लागून राहिला. बियाण्यासाठी घेतलेलं पीकही भिजलं. सोयाबीनचं टरफल मुळात पातळ, ओल बसली किंवा गोणी आपटली की आतला अंकूर जातो. नियमाप्रमाणे उगवण किमान 70 टक्के हवी. त्या जूनमध्ये मराठवाड्यात पेरणी झाली आणि शिवारंच्या शिवारं मोकळी दिसू लागली. हजारो तक्रारी आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गुन्हे दाखल होऊ लागले आणि जुलैत राज्यातल्या कृषी सेवा केंद्रांनी तीन दिवस दुकानं बंद ठेवली. बियाणं आम्ही बनवत नाही, बंद पिशवी आम्ही विकतो, मग आमच्यावर गुन्हा का, असा त्यांचा सवाल होता.

सवाल रास्त होता. पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहिलं तर चित्र वेगळं दिसतं. त्यानं कंपनी पाहिलेली नसते. अकोल्याचं महाबीज असो की जालन्याची एखादी कंपनी, त्याच्यासाठी ती पिशवीवरची छपाई. त्यानं गोणी घेतली ती गल्लीच्या तोंडावरच्या दुकानदाराच्या शब्दावर. ‘घे बिनधास्त’ हे कंपनीनं म्हटलेलं नसतं, दुकानदारानं म्हटलेलं असतं. कंपनी दुकानदाराला सहा टक्के देते त्या बदल्यात जागा आणि हमाली तर घेतेच, पण सगळ्यांत महाग गोष्टही घेते, ती म्हणजे गावातलं त्याचं नाव. ते कुठल्या बिलावर लागत नाही.

म्हणून न उगवल्याची तक्रार आली की पहिल्या दोन दिवसांत कंपनी काय करते, यावर पुढची दहा वर्षं ठरतात. कायद्याची वाट ठरलेली आहे. तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते, ती शेतात येऊन पाहणी करते, पंचनामा होतो. त्या वेळी कंपनीच्या माणसानं हजर राहायचं असतं. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केलं. अशा दाव्यात कंपनीबरोबर दुकानदारही ओढला जातो. तेव्हा कामाला येतं ते लॉट क्रमांक लिहिलेलं, शेतकऱ्याची सही असलेलं बिल. जूनच्या गर्दीत असं बिल फाडणं जिवावर येतं. ते फाडलं जावं म्हणून कंपनीनं एखादा मुलगा पंधरा दिवस दुकानात बसवला तर त्याचा पगार कोर्टाच्या एका तारखेत वसूल होतो. आणि फोन उचलायचा. तक्रारीच्या दिवसांत अधिकाऱ्याचा फोन ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ लागला की दुकानदार त्याच दिवशी मनात कंपनी बदलतो.

शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते बघायचं, ही चाचणी शेतकऱ्यांना दर मे महिन्यात शिकवली जाते. दुकानदारानं प्रत्येक लॉटची ती करून निकाल दारावर खडूनं लिहिला तर? मी दोघांना करायला लावलं. एका लॉटचे 61 उगवले. तो लॉट आम्ही विक्रीआधीच परत बोलावला. वरिष्ठ चिडले आणि त्या गावातून आमच्यावर एकही तक्रार आली नाही.

विक्रेत्याला शिकवण्याची बाजूही आहेच. हैदराबादच्या मॅनेज संस्थेनं 2003 मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी वर्षभराची ‘देसी’ ही पदविका सुरू केली. आठवड्यातला एक दिवस वर्ग, मधूनमधून शिवारात जाणं. पन्नाशीचे दुकानदार वह्या घेऊन बाकावर बसतात. परभणीत तर कृषी विद्यापीठच आहे, 18 मे 1972 ला स्थापन झालेलं. त्याच तारखेला तिथं खरीप मेळावा भरतो आणि विद्यापीठाच्या बियाण्यासाठी रांगा लागतात. कंपन्या मात्र विक्रेत्यांचं शिक्षण म्हटलं की थायलंडची टूर काढतात. टूरला माझा विरोध नाही, लोक खूश होऊन येतात. फक्त टूरवरून आलेला माणूस गुलाबी बोंडअळी ओळखू लागतो असं नाही. आणि गोण्या उतरवणाऱ्या हमालाला तर कुणीच काही शिकवत नाही. सोयाबीनची गोणी खांद्यावरून धाडकन टाकायची नसते, थप्पी उंच रचायची नसते. प्रयोगशाळेत जपलेली उगवण शेवटच्या तीन फुटांत जाते.

दसरा झाला की मोंढ्यात सोयाबीन येऊ लागतं आणि गावागावांत उधारीच्या वह्या उघडतात. प्रतिनिधीनं खरं तर याच दिवसांत सर्वांत जास्त हिंडायला हवं. मेमध्ये तो आठवड्याला दोनदा येतो, ऑक्टोबरात त्याचं तोंड दिसत नाही, अशी दुकानदारांची जुनी तक्रार. यायचं ते वसुलीला नव्हे. म्हणजे वसुलीलाही, पण आधी थप्पी मोजायला. कोणत्या लॉटच्या किती गोण्या राहिल्या, मुदत कधी संपते, परत किती न्यायच्या. बियाण्याची मुदत नऊ महिन्यांची, पुन्हा तपासून फार तर सहा महिने वाढते. आज परत नेलेली गोणी कंपनीला थोडीफार कामाला येईल. मार्चमध्ये नेलेली निव्वळ क्रेडिट नोट होते आणि दुकानात पडून राहिलेली पुढच्या जूनमध्ये कुणाच्या तरी शेतात जाऊन तक्रार होते.

अशाच एका दिवशी मी एका दुकानदाराबरोबर मागच्या खोलीत गेलो. अंधार होता, बॅटरी लावली. अकरा गोण्या निघाल्या, दोन उंदरांनी फोडलेल्या. नवाची क्रेडिट नोट लिहिली. मालकांनी ती दोनदा वाचली, घडी करून वहीत ठेवली आणि म्हणाले, ‘परतीची हमाली राहिली की, साहेब.’ तीही लिहिली.